अंधारखोलीतील भिंग उजेडात

एखादे अवजार ज्या कामासाठी घडविले गेले ते काम संपले, की अवजाराचे मोलही संपले, अशी व्यवहारात सर्वसाधारण समजूत आहे. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु काही अवजारे अशी असतात, की त्यांच्या घडणीत ओतलेली काटेकोर बुद्धी मूळ कामाच्या पलीकडेही उपयोगी पडते. निगेटिव्हवरून मोठी छायाचित्रे काढण्यासाठी छायाचित्रकाराच्या अंधारखोलीत जे यंत्र असे, त्या एन्लार्जरचे भिंग हे अशा अवजारांपैकीच एक होय. गेल्या काही दशकांत छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने छापली जाऊ लागली आणि गावोगावच्या स्टुडिओंतील अंधारखोल्या एकामागून एक बंद झाल्या. एन्लार्जर माळ्यावर गेले. माळ्यावरून पुष्कळसे भंगाराच्या गाडीवर चढले आणि लोखंडाच्या भावाने विकले गेले. त्या सांगाड्याच्या खालच्या अंगास आट्यांनी बसविलेले, मुठीत मावेल एवढे एक भिंगही त्यांच्याबरोबर गेले. खरे नुकसान झाले ते येथे.

कारण ते भिंग फिल्मच्या कॅमेऱ्यास जोडले असता लहान वस्तूंची छायाचित्रे इतकी रेखीव काढता येतात, की अनेकदा महागड्या खास भिंगाची उणीव भासू नये. पोस्टाचे जुने तिकीट, तांब्याचे झिजलेले नाणे, मोडी कागदावरील शिक्का, पावसाळ्यात कातळावर उमलणारे नखाएवढे फूल, ही सारी या भिंगाच्या अखत्यारीतील क्षेत्रे. मात्र हे भिंग आपल्या मूळ जागेवर काय करीत होते, हे नीट समजल्यावाचून त्याच्याकडून नवे काम करून घेता येत नाही. फिल्मचे रीळ आज स्वस्त राहिलेले नाही. छत्तीस चित्रांचे रीळ अंदाजपंचे वाया घालविण्यापेक्षा त्यामागचे शास्त्र समजून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

एन्लार्जरचा जन्म तसा जुना. परंतु त्यास खरे महत्त्व आले ते लहान निगेटिव्हमुळे. मोठ्या काचेवर किंवा मोठ्या फिल्मवर चित्र घेण्याची पद्धत होती तोवर निगेटिव्ह कागदास चिकटवून तेवढ्याच आकाराची प्रत काढली तरी भागत असे. १९२५ साली जर्मनीतील लाइट्झ कारखान्याने लायपझिगच्या मेळ्यात लायका हा छोटा कॅमेरा लोकांसमोर मांडला. त्याची निगेटिव्ह अवघी २४ मिलिमीटर रुंद आणि ३६ मिलिमीटर लांब. एवढ्याशा चित्रात कोणाचा चेहरा तरी ओळखू येणार काय? त्यामुळे चित्र मोठे करणे ही हौस न राहता गरज झाली. कॅमेऱ्याच्या भिंगाने जे बारकावे टिपले, ते मोठे करताना हरवू न देणारे दुसरे तितकेच चांगले भिंग अंधारखोलीत असावे लागले. जर्मनीतील श्नायडर आणि रोडेनस्टॉक, जपानमधील निकॉन, चेकोस्लोव्हाकियातील मेओप्टा या कारखान्यांनी आणि सोव्हिएत संघातील कारखान्यांनी अशी भिंगे घडविली. कॉम्पोनॉन, रोडॅगॉन, एल-निक्कॉर, अ‍ॅनारेट, व्हेगा ही नावे एके काळी अंधारखोलीत काम करणाऱ्यांच्या तोंडी असत.

या भिंगापुढे प्रश्न कोणता होता, ते पाहू गेल्यास त्याच्या गुणांचा उगम सापडतो. निगेटिव्ह ही सपाट असते आणि ज्या कागदावर चित्र पडावयाचे तोही सपाट असतो. डोंगराचे किंवा माणसांच्या घोळक्याचे चित्र घेताना कडेच्या वस्तू किंचित पुढे-मागे असल्या तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. पण सपाट निगेटिव्हचे चित्र सपाट कागदावर पाडताना मध्यभाग स्पष्ट आणि कोपरे पुसट अशी स्थिती झाली, तर तो दोष कोणाच्याही डोळ्यांत भरतो. साध्या भिंगाची प्रतिमा मुळात सपाट पृष्ठावर पडतच नाही. ती वाटीच्या आतल्या अंगासारख्या वक्र पृष्ठावर पडते. एन्लार्जरचे भिंग आखणाऱ्यास ही वक्रता जवळजवळ पूर्णपणे नाहीशी करावी लागते. शिवाय सरळ रेषा सरळच राहिल्या पाहिजेत, कडेला प्रकाश फार कमी पडता कामा नये आणि निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी एकवटले पाहिजेत. हे सर्व साधावयाचे तेही लांबच्या वस्तूसाठी नव्हे, तर अगदी हाताच्या अंतरावरील वस्तूसाठी.

येथे अंतराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोणत्याही भिंगाचे दोष सर्व अंतरांवर सारखेच दूर करता येत नाहीत. कॅमेऱ्याचे नेहमीचे भिंग दूरच्या दृश्यासाठी आखलेले असते. तेच पुढे ओढून वस्तूच्या अगदी जवळ नेले, की दूर केलेले दोष पुन्हा डोके वर काढतात. कोपरे मऊ पडतात, रेषांना रंगाची झालर येते. एन्लार्जरच्या भिंगाचे आयुष्यच मुळी जवळच्या अंतरात गेलेले. समजा, ५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाने निगेटिव्ह आठपट मोठी करावयाची आहे. अशा वेळी निगेटिव्ह भिंगापासून सुमारे ५६ मिलिमीटरांवर असते आणि कागद ४५० मिलिमीटरांवर. एवढ्याच आवाक्यात उत्तम काम करावे, अशी त्याची घडण. निकॉनच्या ५० मिलिमीटर, एफ २.८ या एल-निक्कॉर भिंगासाठी कारखान्याने आठपट हे प्रमाण मुख्य धरले होते आणि दुपटीपासून वीसपटीपर्यंत त्याचा उपयोग सांगितला होता.

आता प्रकाशाचा एक साधा नियम लक्षात घ्यावा. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने तो परतही येऊ शकतो. एन्लार्जरमध्ये प्रकाश निगेटिव्हकडून भिंगातून कागदाकडे जातो. कागदाच्या जागी एखादी वस्तू ठेवली, निगेटिव्हच्या जागी कोरी फिल्म ठेवली आणि वस्तूवर उजेड पाडला, तर तोच मार्ग उलट्या दिशेने चालू होतो आणि एन्लार्जरचा कॅमेरा होतो. जे भिंग निगेटिव्ह आठपट मोठी करीत होते, तेच आता वस्तूची आठव्या हिश्शाएवढी प्रतिमा फिल्मवर पाडते. आणि तीही तितक्याच निर्दोषपणे. जुन्या भिंगाच्या या नव्या उपयोगामागे कसलीही जादू नाही. आहे ती एवढीच सरळ गोष्ट.

प्रत्यक्ष जोडणीसाठी कॅमेरा मात्र विशिष्ट प्रकारचा लागतो. एन्लार्जरच्या भिंगात शटर नसते. तेव्हा शटर कॅमेऱ्याच्या पोटात, फिल्मच्या लगत असले पाहिजे. त्याचप्रमाणे भिंगातून जे दिसते तेच डोळ्यास दिसले पाहिजे. या दोन्ही अटी आरसा बसविलेल्या एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्यात पूर्ण होतात. जुने पेंटॅक्स, प्रॅक्टिका, झेनिट, निकॉन असे कोणतेही चालू स्थितीतील यंत्र या कामास पुरते. एन्लार्जरच्या पुष्कळशा भिंगांचे आटे ३९ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जुन्या लायकाच्याच मापाचे असतात. पेंटॅक्स व प्रॅक्टिका यांच्या जुन्या कॅमेऱ्यांचे आटे ४२ मिलिमीटरांचे. या दोहोंना सांधणारे धातूचे पातळ कडे अल्प किमतीत मिळते. मात्र आट्यांचा व्यास जुळला म्हणजे आटे जुळले असे समजू नये. दोन आट्यांमधील अंतर वेगळे असेल, तर कडे अर्ध्यावरच अडकते. अशा वेळी बळ लावल्यास पितळेचे वा अ‍ॅल्युमिनियमचे आटे कायमचे खराब होतात. कडे हाताने सहज फिरत असेल, तरच पुढे जावे.

एन्लार्जरच्या भिंगास स्वतःची फोकस करण्याची चकती नसते. एन्लार्जरमध्ये भिंग वर-खाली करणारी यंत्रणा निराळीच असते. म्हणून कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये अंतर कमी-जास्त करण्याची सोय करावी लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ठरावीक लांबीच्या धातूच्या नळ्या. दुसरा म्हणजे बेलोज, अर्थात पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. नळ्या मजबूत व स्वस्त असतात, पण त्यांनी मिळणारी मापे ठरलेली. भाता हवा तेवढा लांब-आखूड करता येतो. मात्र घड्यांच्या कोपऱ्यांत सूक्ष्म छिद्रे पडलेली नाहीत ना, हे अंधाऱ्या खोलीत आतून दिवा धरून पाहून घ्यावे. एवढ्या एका तपासणीने पुढची कित्येक चित्रे वाचतात.

कोणत्या नाभ्यंतराचे भिंग घ्यावे, हा पुढला प्रश्न. लहान निगेटिव्हसाठी ५० मिलिमीटरांचे भिंग वापरीत, आणि सहा सेंटीमीटर रुंदीच्या निगेटिव्हसाठी ७५, ८० वा १०५ मिलिमीटरांचे. ४२ मिलिमीटर आट्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म आणि भिंग बसविण्याची जागा यांत मुळातच सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे ५० मिलिमीटरांचे भिंग त्यावर बसविले, तर ते बहुधा दूरच्या वस्तू स्पष्ट दाखवू शकत नाही. ते केवळ जवळच्या कामाचे राहते. ७५ किंवा ८० मिलिमीटरांच्या भिंगास अधिक मोकळीक मिळते. शिवाय भिंग आणि वस्तू यांत जास्त अंतर राहते, ही गोष्ट फुलपाखरू बुजू नये म्हणून आणि उजेडास वाट मिळावी म्हणूनही सोयीची ठरते.

मापाचा हिशेब अगदी सोपा आहे. दूरची वस्तू स्पष्ट दिसते त्या स्थानापासून भिंग जितके पुढे ओढले, त्या लांबीला नाभ्यंतराने भागावे. येणारा आकडा म्हणजे प्रतिमा वस्तूच्या कितीपट आहे ते प्रमाण. ५० मिलिमीटरांचे भिंग ५० मिलिमीटर पुढे ओढले, तर प्रतिमा वस्तूएवढीच येते. या स्थितीत भिंगापासून फिल्म १०० मिलिमीटरांवर आणि वस्तूही १०० मिलिमीटरांवर असते. ८० मिलिमीटरांच्या भिंगास त्याच कामासाठी दोन्हीकडे १६० मिलिमीटर लागतात. ५० मिलिमीटरांच्या भिंगाने दुप्पट प्रतिमा हवी असल्यास ते १०० मिलिमीटर पुढे ओढावे लागते आणि वस्तू भिंगाच्या अवघ्या ७५ मिलिमीटर जवळ येते.

प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी करावयाची असेल, तेव्हा एक गोष्ट विसरू नये. एन्लार्जरमध्ये भिंगाच्या आट्यांच्या बाजूस लहान चित्र, म्हणजे निगेटिव्ह असते, तर समोरच्या बाजूस मोठे चित्र, म्हणजे कागद असतो. कॅमेऱ्यात वस्तूपेक्षा प्रतिमा लहान असेपर्यंत हीच मांडणी कायम राहते. कारण आट्यांच्या बाजूस फिल्म असते. प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी झाली, की नाते उलटते. आता लहान बाजू वस्तूची आणि मोठी बाजू फिल्मची. अशा वेळी भिंगही उलटे फिरवावे. त्याची समोरची बाजू फिल्मकडे आणि आट्यांची बाजू वस्तूकडे करावी. भिंग उलटे बसविण्याची कडी मिळतात. बरोबरीच्या मापास, म्हणजे प्रतिमा वस्तूएवढी असताना, भिंगाची बाजू कोणती यास फारसे महत्त्व नाही. परंतु ते प्रमाण बहुतेक भिंगांच्या मूळ आखणीच्या किंचित बाहेर पडते, म्हणून तेथे छिद्र थोडे लहान करून काम घ्यावे. रोडेनस्टॉकने पारदर्शिकांच्या प्रती काढण्यासाठी ७५ मिलिमीटरांचे अपो-रोडॅगॉन डी हे भिंग बरोबरीच्या मापासाठीच बनविले. यावरून या मापाची गरज वेगळी आहे, हे कारखानदारांनाही ठाऊक होते असे दिसते.

यानंतर उजेडाचा हिशेब येतो आणि नवशिका बहुधा येथेच फसतो. भिंग जसजसे फिल्मपासून दूर जाते, तसतसा तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो व फिल्मवर तो मंद पडतो. नियम असा, की भिंगावर लिहिलेल्या एफ आकड्यास प्रमाणात एक मिळवून आलेल्या संख्येने गुणावे. बरोबरीच्या मापास एफ ८ हा आकडा प्रत्यक्षात एफ १६ सारखा वागतो; म्हणजेच चौपट वेळ उजेड द्यावा लागतो. दुप्पट प्रतिमेस तोच एफ ८ हा एफ २४ होतो आणि वेळ नऊपट लागतो. ज्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश मोजणारे मापक असते, तेथे ही घट मापकाला आपोआप कळते. हातात धरण्याच्या मापकाने मोजल्यास मात्र हा गुणाकार स्वतः करावा लागतो. त्यात भर म्हणजे फिल्म फार वेळ उघडी राहिली, की तिची प्रकाश ग्रहण करण्याची शक्ती मंदावते. उदाहरणार्थ, इल्फर्डच्या एचपी ५ प्लस या फिल्मला हिशेबाने दहा सेकंद येत असतील, तर कारखान्याच्या सूत्राप्रमाणे प्रत्यक्षात सुमारे वीस सेकंद द्यावे लागतात.

छिद्र जितके लहान तितके चित्र स्पष्ट, हा समजही येथे तपासून घ्यावा लागतो. छिद्र लहान केल्याने वस्तूचा पुढचा-मागचा भाग अधिक स्पष्ट होतो, हे खरे. पण प्रकाश अतिलहान छिद्रातून जाताना कडेला फाकतो आणि प्रत्येक बिंदूची लहानशी चकती होते. प्रत्यक्ष एफ १६ असताना या चकतीचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर असतो. एफ २४ असताना तो ०.०३ मिलिमीटरांच्या थोडा वर जातो. लहान निगेटिव्हवर ०.०३ मिलिमीटर ही साधारण स्पष्टतेची मर्यादा मानली जाते. सारांश, दुप्पट प्रतिमा घेताना भिंगावर एफ ८ च्या खाली उतरण्यात लाभापेक्षा हानीच अधिक. एन्लार्जरची चांगली भिंगे पूर्ण उघड्या छिद्रापेक्षा दोन पायऱ्या खाली, म्हणजे एफ ५.६ ते एफ ८ यांच्या दरम्यान, उत्तम काम देतात. बरोबरीच्या मापास एफ ८ वर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट राहतो. दुप्पट प्रतिमेस ती खोली अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते. मधमाशीचे डोळे स्पष्ट आले, तर पंख पुसट येणारच. तेव्हा कोणता भाग स्पष्ट हवा, हे आधी ठरवून कॅमेरा त्या भागास समांतर धरणे, हाच त्यावरील उपाय.

या सर्व मर्यादा ध्यानात घेतल्या, म्हणजे सपाट वस्तू हे या भिंगाचे खरे माहेर आहे, हे पटते. आपल्याकडे त्याची उदाहरणे मुबलक आहेत. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून आणि इंदूरच्या होळकर संस्थानाने १८८६ पासून स्वतःची तिकिटे काढली. ग्वाल्हेर संस्थानात १८८५ पासून हिंदुस्थान सरकारच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून ती वापरीत. त्या छाप्यातील देवनागरी अक्षरांच्या लांबीत एक-दोन मिलिमीटरांचा फरक असतो आणि त्यावरून संग्राहक त्यांचे प्रकार ओळखतात. ज्या भिंगाने सरळ रेषा वाकते, त्याने घेतलेल्या चित्रावर असे माप कोण घेणार? एन्लार्जरच्या भिंगाचा सरळपणा येथे नुसता शोभेचा न राहता पुराव्याच्या मोलाचा ठरतो. नेहमीच्या आकाराचे तिकीट बरोबरीच्या मापाने निगेटिव्हमध्ये नेमके बसते.

शिवराई नाण्याचेही तसेच. तांब्याची ही नाणी साधारणतः दोन सेंटीमीटर व्यासाची. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे. अक्षरांचा उठाव अतिशय कमी असल्याने एक मिलिमीटर स्पष्ट खोली येथे पुरून उरते. तिकिटावर दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून सारखा उजेड पाडावा. नाण्यावर मात्र एकाच बाजूने, जवळजवळ जमिनीला टेकून येणारा उजेड पाडावा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्याही कडांना सावली येऊन ती वाचता येतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील कित्येक जुन्या मराठी घरांत मोडीतील कागदपत्रे आहेत. साधारण १९ सेंटीमीटर रुंद आणि २९ सेंटीमीटर लांब कागद एक अष्टमांश मापाने निगेटिव्हमध्ये पूर्ण मावतो, आणि हे तर या भिंगाचे अगदी मूळचेच माप. ८० मिलिमीटरांचे भिंग असल्यास ते कागदापासून ७२ सेंटीमीटरांवर येते. कागदाला हात न लावता, घडी न मोडता, त्याची अक्षरशः प्रत होते. नीट धुतलेली व कोरड्या जागी ठेवलेली कृष्णधवल निगेटिव्ह अनेक दशके टिकते आणि ती वाचण्यास उजेडापलीकडे कसल्याही यंत्राची गरज लागत नाही. वाळवी लागलेला कागद परत येत नाही. त्याची निगेटिव्ह असेल, तर निदान मजकूर तरी हाती राहतो.

सपाट वस्तू कॅमेऱ्याशी अगदी समांतर आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. वस्तूच्या जागी लहानसा आरसा सपाट ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या अगदी मध्यावर दिसले, की कॅमेरा समांतर आहे असे समजावे. ते बाजूस सरकलेले दिसेल, तर त्या मानाने कॅमेरा कलता करावा. या कामास मिनिटभरही लागत नाही, पण चारही कोपरे स्पष्ट येण्याची खात्री होते.

चित्र घेण्याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम हवे ते प्रमाण ठरवून नळ्यांची वा भात्याची लांबी कायम करावी. मग भिंगाला हात न लावता सबंध कॅमेराच पुढे-मागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करावी; कारण भिंग हलविले, की प्रमाणही बदलते. छिद्र पूर्ण उघडे ठेवून प्रतिमा पाहावी आणि नंतर ते हव्या आकड्यावर आणावे. नेहमीच्या भिंगाप्रमाणे हे छिद्र बटण दाबताच आपोआप लहान होत नाही. तिपाई भक्कम असावी, बटण केबलने दाबावे आणि कॅमेऱ्यात तशी सोय असल्यास आरसा आधीच वर करून ठेवावा. वस्तू जितकी मोठी होऊन दिसते, तितकाच कॅमेऱ्याचा कंपही मोठा होतो. वाऱ्याने हलणाऱ्या फुलास किंवा कीटकास विजेचा फ्लॅश वापरावा. त्याचा झोत इतका क्षणिक असतो, की हालचाल थिजून जाते. प्रत्येक चित्राचे प्रमाण, छिद्र आणि वेळ वहीत टिपून ठेवल्यास दुसरे रीळ पहिल्यापेक्षा निश्चित चांगले येते.

जुने भिंग विकत घेताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. गोवा, कोकण यांसारख्या दमट हवेच्या प्रदेशात काचेच्या आत बुरशी धरते. भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने तिरपे पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधासारखा पडदा दिसतो. असे भिंग स्वस्त असले तरी टाळावे. सांध्यातील सिमेंट सुटले असल्यास कडेला इंद्रधनुष्यी डाग दिसतात. बाहेरचा एखादा बारीक ओरखडा मात्र फारसे नुकसान करीत नाही. भिंगातील काचांची संख्याही विचारात घ्यावी. रोडेनस्टॉकच्या रोगोनारमध्ये तीन काचा, तर रोडॅगॉनमध्ये सहा. निकॉनच्या ५० मिलिमीटर, एफ ४ या भिंगात चार, तर एफ २.८ च्या भिंगात सहा. सहा काचांची भिंगे कोपऱ्यापर्यंत चोख असतात. तीन-चार काचांची भिंगेही छिद्र एफ ८ पर्यंत लहान केले असता मध्यभागी चांगले काम देतात. नंतरच्या काळातील काही भिंगांत अंधारात आकडा दिसावा म्हणून दिव्याचा उजेड आत घेणारी खिडकी असते. कॅमेऱ्यावर तीच खिडकी बाहेरचा उजेड आत सोडते व चित्र धूसर होते. काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा तिच्यावर लावला, की हा दोष मिटतो. काम झाल्यावर भिंग सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावे; पावसाळ्यात तर हा नियम मोडूच नये.

या भिंगास सर्वगुणसंपन्न मानणे मात्र चुकीचे ठरेल. जवळच्या कामासाठी बनविलेली खास भिंगे हाताळण्यास कितीतरी सोपी असतात. निकॉनने १९५६ साली आपले पहिले मायक्रो-निक्कॉर बनविले ते जपानी लिपीतील दाट रेषांची अक्षरे सूक्ष्मफिल्मवर वाचण्याजोगी उतरावीत म्हणून. आणि त्याच घराण्यातील पुढील भिंगे दूरच्या दृश्यापासून जवळच्या फुलापर्यंत एका चकतीच्या फेऱ्यात फिरतात. एन्लार्जरच्या भिंगास हे साधत नाही. ते सावकाश काम करणाऱ्याचे साधन आहे. उडत्या पाखरामागे धावणाऱ्यास ते कुचकामी. एका जागी बसून वस्तू न्याहाळणाऱ्यास ते सोन्यासारखे. बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी घरी बनविलेल्या कॅमेऱ्याने वनस्पतींच्या कोंबांची आणि कळ्यांची मोठी केलेली चित्रे वर्षानुवर्षे घेतली आणि १९२८ साली त्यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा कलावंतही चकित झाले. त्यांचे यश उपकरणाच्या किमतीत नव्हते. ते नजरेत आणि चिकाटीत होते.

फुलांच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. तेथे पावसाळ्यात सीतेच्या आसवांसारखी इवलीशी फुले कातळावरच्या पातळ मातीत उमलतात. एका फुलाच्या चित्रासाठी तिपाईचे पाय रोवताना दहा रोपे चिरडली, तर त्या चित्राला अर्थ राहत नाही. कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला गारठवणे वा टोचून ठेवणे हाही असाच दोष. पहाटेच्या थंडीत कीटक आपणहून निश्चल असतो. त्या वेळी उठावे, हाच शहाणपणाचा मार्ग.

अजूनही पुष्कळ घरांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंत एन्लार्जर धूळ खात उभे आहेत. त्यांचा सांगाडा खुशाल मोडीत जावो. पण तो गाडीवर चढण्यापूर्वी खालच्या अंगाचे भिंग आटे फिरवून हलकेच काढून घ्यावे, विजेरीच्या उजेडात पाहावे आणि निर्मळ दिसल्यास जपून ठेवावे. ज्याच्याजवळ फिल्मचा कॅमेरा आहे अशा एखाद्या तरुणाच्या हाती ते पडले, तर घरातील एखादा मोडी कागद किंवा आजोबांच्या संग्रहातील एखादे तिकीट काळाच्या तावडीतून सुटण्याचा संभव आहे. त्यासाठी लागते ते ३९ मिलिमीटरांचे एक कडे, दोन-चार नळ्या आणि थोडासा सवडीचा वेळ.